नानांचे हात, चाळणताईची सही

कारखान्यात तिला सगळे चाळणताई म्हणतात. हे नाव तिला कुणी कौतुकाने दिलेलं नाही, वैतागून दिलेलं आहे. कामाला लागून जेमतेम तीन महिने झाले होते तेव्हा तिने चालू मशीन बंद करायला लावलं. कारण काय, तर चाळणीची एक तार तुटल्यासारखी वाटते. वरिष्ठांनी चाळणी उजेडात धरली, इकडून तिकडून फिरवली आणि 'काही नाही' म्हणून परत बसवली. हिने ती पुन्हा काढली. शेवटी भिंगाखाली बघितली तेव्हा केसाएवढी बारीक तार खरोखरच तुटलेली निघाली. "ही बाई नव्हे, चाळण आहे," असं कुणीतरी पुटपुटलं, आणि ते नाव सव्वीस वर्षं टिकलं. आता हजेरीपटावरचं तिचं खरं नाव विचारलं तर निम्म्या लोकांना डोकं खाजवावं लागेल.

तिचं काम गोळीच्या आधीचं. लोकांना वाटतं, औषधाची पूड घेतली, दाबली, झाली गोळी. इतकं सोपं असतं तर चाळणताई घरी बसली असती. नुसती पूड साच्यात नीट पडत नाही, कधी चिकटते, कधी उडते, आणि मुख्य म्हणजे तिच्यात हवा अडकते. म्हणून आधी पूड खळीत भिजवून मळायची, वाळवायची, चक्कीतून काढायची आणि चाळायची. मग तिचे सारखे दाणे होतात. खळ किती घातली, मळणाऱ्या पात्याचा वेग काय होता, ड्रायरची हवा किती गरम होती, चक्कीला जाळी कुठली लावली, यातली एक खुंटी जरा पिळली तरी परिणाम गोळीवर उमटतो. आणि गंमत अशी, की तो उमटतो तीन खोल्या पलीकडे, दुसऱ्याच कुणाच्या मशीनवर.

चाळणताई मळलेला माल मुठीत दाबायची, बोटं उघडायची, गोळा मधोमध मोडायची आणि सांगायची, "अजून अर्धं मिनिट." मीटरचा काटाही मागाहून तेच सांगायचा. चक्की चालू झाली की तिच्या अंगावर तळवा ठेवून कान द्यायची आणि जाळी घट्ट बसली की नाही ते नुसत्या आवाजावरून ओळखायची. "चाळणताईची बॅच परत येत नाही," हे वाक्य कारखान्यात म्हणीसारखं झालं होतं. ते ऐकून ती लाजत वगैरे नसे. खरं आहे ते खरं, त्यात लाजायचं काय, असा तिचा खाक्या.

घरी मात्र तिच्या तोडीचं एक माणूस होतं. ते म्हणजे तिचे सासरे, नाना. नाना घड्याळजी. पन्नास वर्षं त्यांनी मनगटी घड्याळं, भिंतीवरची घड्याळं, गजराची घड्याळं उघडली आणि मिटली. दुकान सोडल्यावर खिडकीशी एक टेबल मांडलं, त्यावर बारीक पकडी, पेचकस, डोळ्याला लावायचं भिंग आणि बारा कप्प्यांची जुनी लाकडी पेटी. सुटे भाग त्या कप्प्यांत. लग्न होऊन आली तेव्हा पहिले काही महिने नानांनी तिला पेटीला हात लावू दिला नव्हता. पण तिने चाळणीच्या तारेची ती गोष्ट घरी येऊन सांगितली, त्या दिवशी नानांनी आपणहून भिंग पुढे केलं. म्हणाले, "तुला बघता येतं. घे." तेव्हापासून दोघांची जी जुंपली ती जुंपलीच. तिने भाजी चिरली की नाना म्हणणार, फोडी सारख्या नाहीत. नानांनी घड्याळ लावलं की ही म्हणणार, अर्धं मिनिट मागे आहे. या चिडवाचिडवीत दोघांचा दिवस छान जायचा.

चार वर्षांपूर्वी नानांच्या हातांना थरथर सुरू झाली. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, अर्धी सकाळी, अर्धी संध्याकाळी. गोळी निघाली चाळणताईच्याच कारखान्याची. तिच्या मधोमध एक खाच असते, त्या खाचेवर मोडायची. नाना ती सुरीने कापत नसत. दोन्ही अंगठ्यांची नखं खाचेच्या दोन बाजूंना टेकवायची आणि दाबायचं. टक् असा आवाज यायचा आणि दोन सारख्या अर्ध्या व्हायच्या. हात थरथरत असले तरी तेवढा क्षण नाना ते आवरून धरायचे. गोळीने थरथर आटोक्यात राहिली, आणि खिडकीशी बसून आठवड्याला दोन-तीन घड्याळं दुरुस्त होऊ लागली. म्हातारा खुशीत होता.

मग एका सकाळी चहाच्या वेळी नानांनी तळहात पुढे केला. त्यावर गोळीचा चुरा होता.

"सूनबाई, तुझी गोळी आज भुरभुरली बघ."

चाळणताई डबा भरत होती. तिने धड मागे वळूनही पाहिलं नाही. "माझी गोळी भुरभुरत नाही, नाना. हात बघा आधी स्वतःचे."

नवरा हसला. तीही हसली. नानाही हसल्यासारखे झाले, मूठ मिटून घेतली आणि उठले. यापेक्षा तिखट बोलणी त्या घरात रोज व्हायची, त्यामुळे हे वाक्य कुणाच्या लक्षात राहायचं कारण नव्हतं. एका माणसाच्या राहिलं.

त्यानंतर नानांनी गोळीविषयी अवाक्षर काढलं नाही. हातांची थरथर मात्र वाढत गेली. कप बशीवर वाजू लागला. शर्टाची बटणं लावायला वेळ लागू लागला. 'वय झालं' असं सगळे म्हणाले, नानाही म्हणाले. तीन आठवड्यांनी, गुरुवारी, चाळणताईच्या सुट्टीच्या दिवशी, तिने पाहिलं तर शेजारच्या काकू आपलं भिंतीवरचं घड्याळ छातीशी धरून जिना उतरत होत्या. न दुरुस्त झालेलं.

"नाना म्हणाले, आता नाही जमत," काकू म्हणाल्या. "मी म्हटलं राहू द्या महिनाभर, तर ऐकेनात."

घरात आली तर नवरा दाराशीच उभा. खालच्या आवाजात म्हणाला, "बाबांनी पेटी द्यायची ठरवलीय. त्यांचा तो जुना जोडीदार आहे ना, चौकातला घड्याळवाला, तो रविवारी चारला येतोय घ्यायला."

"पेटी? सगळी?"

"सगळी. भिंगासकट."

नानांनी पेटी देणं म्हणजे काय, हे चाळणताईइतकं दुसऱ्या कुणाला कळणार? उद्या तिला कुणी सांगितलं, मशीनला हात लावू नको, तर तिच्यात उरणार काय होतं? पेटी गेली की नाना खिडकीशी बसतील ते नुसते रस्ता बघत. असे बसलेले म्हातारे तिने पाहिले होते. ते फार काळ बसत नाहीत.

दुपारी नवरा नानांना केस कापायला घेऊन गेला, तेव्हा तिने पेटी उघडली. का उघडली ते तिलाही सांगता आलं नसतं, शेवटची एकदा बघावी इतकंच. कप्प्यांतले सुटे भाग नानांनी आधीच काढून एका डबीत भरले होते. पण कप्पे रिकामे नव्हते. अकरा कप्प्यांत गोळीचा उरलेला चुरा होता. प्रत्येक कप्प्यात एक बारीक चिठ्ठी, तिच्यावर नानांच्या वाकड्यातिकड्या झालेल्या अक्षरात तारीख, आणि पुढे एकच शब्द, 'हात'. सातव्या कप्प्यातल्या चिठ्ठीवर होतं, 'हात, फार'. घड्याळजी काही फेकत नाही. आपले हात कसे कसे जात आहेत याची म्हाताऱ्याने नोंद ठेवली होती.

पहिल्या चिठ्ठीवरची तारीख त्या सकाळची होती. हात बघा आधी स्वतःचे. चाळणताईचे डोळे भरून आले आणि तिला स्वतःचा मनस्वी राग आला.

पण रडत बसणाऱ्यांतली ती नव्हे. तिने डोळे पुसले, भिंग डोळ्याला लावलं आणि पहिल्या कप्प्यातला सगळ्यांत मोठा तुकडा पकडीने उचलला. नजर कामाची, तिला काय बघायचं ते कळत होतं. हाताने वाकडी मोडलेली गोळी कडेला टवका उडून मोडते. हिचं तसं नव्हतं. हिचा वरचा पदर डबीच्या झाकणासारखा सबंध उचकटला होता, आणि मग खालचं भुसभुशीत झालं होतं. दुसरा कप्पा, तेच. पाचवा, नववा, अकरावा, तेच. कारखान्यात याला टोपी उडणं म्हणतात. अंगठा कितीही थरथरला तरी टोपी उडत नाही. टोपी उडते ती गोळीच्या पोटात हवा अडकलेली असली तर. आणि हवा अडकते ती दाण्यात पीठ जास्त झालं तर.

दाणे कुणाचे? तिचे.

तिने नानांच्या खणातली औषधाची पट्टी काढली, बॅचचा नंबर वाचला. चप्पल पायात सरकवून कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे गेली आणि वेगळ्या, जुन्या नंबरची पट्टी शोधून घेतली. खणातली पट्टी आपल्या पर्समध्ये टाकली.

संध्याकाळी नानांना म्हणाली, "आजपासून गोळी मी देते." त्यांच्याकडे पाठ करून तिने गोळी मोडली. टक् असा स्वच्छ आवाज आला. नानांनी तो ऐकला.

"तुझ्या हातात बरी मोडते," ते शांतपणे म्हणाले, आणि त्यांनी अर्धी गोळी घेतली.

सांगून टाकावं असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण खात्री नव्हती. खात्री नसताना एकदा बोलून बसली होती, तेवढं पुरे होतं.

शुक्रवारी सकाळी ती आपल्या खोलीत न जाता तडक गोळ्यांच्या मशीनवर गेली. तिथला कारागीर हळूभाऊ. कुठल्याही दुखण्यावर त्याचा एकच उपाय, वेग कमी करा, म्हणून हळूभाऊ. मशीनची तबकडी गरगर फिरते, साच्यात दाणे पडतात, वरून खालून दट्टे दाबतात आणि गोळ्यांची धार लागते. चाळणताईने त्याच्यापुढे पट्टी धरली.

"या बॅचला तू काय केलं होतंस?"

हळूभाऊने नंबर वाचला आणि कान खाजवला. "सुरुवातीला टोप्या उडत होत्या थोड्या. मग वेग कमी केला. मुख्य दाबाच्या आधीचा जो हलका दाब असतो, तो वाढवला, म्हणजे हवा निघून जाते. बसल्या गोळ्या. कडकपणा मर्यादेत, ड्रममध्ये फिरवून झीज बघितली तीही मर्यादेत. दोन बॅच तशाच काढल्या त्यानंतरही."

"खाचेवर मोडून बघितलीस?"

"ते कुठं लिहिलंय कागदावर?"

"आणि मला का नाही सांगितलंस?"

हळूभाऊ हसला, पण डोळे वळवून. "चाळणताई, तुझ्या दाण्यात खोट आहे म्हणायची छाती कुणाची आहे इथे?"

हे तिला चांगलंच झोंबलं.

मग तिने आपले कागद काढले. पूर्वी दाण्यात पीठ असायचं शंभरात बारा भाग. या तीन बॅचमध्ये वीस, एकवीस, बावीस. मर्यादा पंचवीसची. तेव्हा तिने मनाशी म्हटलं होतं, हवा कोरडी आहे, दाणा जास्त वाळून ठिसूळ होतोय; आणि ड्रायरची उष्णता दोन अंश उतरवली होती. तिने आपली खुंटी पिळली, हळूभाऊने आपली पिळली, आणि दोघांच्या मध्ये जो खरा रोग होता तो झाकला गेला. सगळं मर्यादेत होतं. फक्त एका म्हाताऱ्याच्या दोन अंगठ्यांमध्ये ते मर्यादेत राहिलं नव्हतं.

तिने शांतपणे एकेक गोष्ट पुसून काढायला सुरुवात केली. खळ तीच. मळायचा वेग तोच. जाळी तीच, तारा शाबूत. चक्कीचे फेरे तेवढेच. मग बदललं काय? तिने दुरुस्तीची वही उघडली. चार महिन्यांपूर्वी चक्कीची मोटर जळली होती, नवीन गुंडाळून आणून बसवली होती. त्याच्या दुसऱ्याच दिवशी या तीन बॅचमधली पहिली. ही चक्की या एकाच गोळीसाठी वापरतात, त्यामुळे दुसरीकडे कुठे काही दिसलं नव्हतं.

"वायरमनला बोलवा," ती म्हणाली. "आणि झाकण काढा."

चक्कीच्या आत दांड्यावर पाती असतात. पात्याची एक बाजू सुरीसारखी धारदार, दुसरी हातोडीसारखी बोथट. धार पुढे ठेवून चक्की फिरली तर दाणा कापला जातो, सारखा निघतो. बोथट बाजू पुढे आली तर दाणा ठेचला जातो आणि पीठ होतं. कुठल्या बाजूने फिरायला हवी त्याचा बाण चक्कीच्या अंगावरच रंगवलेला आहे, तळहाताएवढा, लाल. वायरमनने बटण दाबून लगेच सोडलं. दांडा दोन-चार फेरे फिरला आणि मंदावत थांबला. बाण उजवीकडे बोट दाखवत होता. पाती उजवीकडून डावीकडे येऊन थांबली होती, बोथट तोंड पुढे करून.

वायरमनच्या तोंडचं पाणी पळालं. "तीन वायरींतल्या दोन उलटसुलट लागल्या, ताई. माझ्याच हातून. पण मग ती... ते तपासणीचं..."

त्याला काय म्हणायचं होतं ते तिला ठाऊक होतं. मोटर बसवली की चक्की क्षणभर फिरवायची, वरून वाकून बघायचं आणि कागदावर सही करायची, 'फिरण्याची दिशा बाणाप्रमाणे पाहिली.' सही तिची होती. तो दिवसही तिला लख्ख आठवत होता. तिने वाकून बघितलंच नव्हतं. नेहमीप्रमाणे अंगावर तळवा ठेवला, कान दिला, नवी मोटर लोण्यासारखी चालत होती, आणि ऐटीत सही ठोकली. हात लावून आवाज ऐकणं ही तिची कला. त्या कलेला जाळी सैल झालेली कळते, तार तुटलेली कळते. उलट फिरणारं चाक कळत नाही, कारण उलट फिरणारं चाकही तितकंच गोड वाजतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

तपासणी विभागाच्या मॅडम तिच्याहून वयाने लहान, पण कडक. त्यांच्या टेबलावर चाळणताईने पट्टी ठेवली, तीन बॅचचे कागद ठेवले, आणि घरून आणलेला एका कप्प्यातला चुरा डबीत घालून ठेवला. तीन बॅच थांबवायला हव्यात, दोन गोदामात आहेत, एक दुकानांत गेली आहे, ती परत बोलवायला हवी; हे सगळं तिने एका दमात सांगितलं. मॅडमनी त्या बॅचच्या राखून ठेवलेल्या नमुन्यातल्या वीस गोळ्या मागवल्या आणि स्वतः खाचेवर मोडून पाहिल्या. सातांच्या टोप्या उडाल्या.

"वायरमनने चूक कबूल केलीय," मॅडम म्हणाल्या. "जोडणी त्याची. कारण म्हणून तेवढं पुरेसं आहे. तुमची सव्वीस वर्षं..."

"मॅडम, वायर उलटी लागू शकते. कुणाच्याही हातून. ती पकडायला म्हणून तर माझी सही ठेवलीय. त्याने चूक केली, मी ती बघितली नाही आणि बघितली असं लिहून दिलं. मोठी कुठली ते तुम्हीच ठरवा. मी माझा जबाब माझ्या हाताने लिहिते."

लिहिला. एक पान भरून, एकही ओळ न खोडता. खाली सही केली तेव्हा हात जराही हलला नाही. आणि तिथेच थांबली नाही. शेवटी लिहिलं, की यापुढे दिशा दोघांनी डोळ्यांनी बघावी, आणि खाच असलेल्या गोळ्या प्रत्येक बॅचला मोडून बघाव्यात. चुकीची शिक्षा काय व्हायची ती होवो, पण शिकवणूक फुकट जाऊ द्यायची नाही, असा बाईचा हिशेबीपणा. मॅडमनी पान वाचलं, दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "शेवटचे दोन मुद्दे आजपासून लागू." चाळणताईची बॅच परत येत नाही, ही म्हण मात्र त्या दुपारी संपली.

शनिवारी वायरी बदलून छोटी चाचणी घेतली. या वेळी ती बाणाशी नाक लावून उभी होती. पीठ शंभरात अकरा भाग. हळूभाऊने मशीन जुन्या वेगाला नेलं, आधीचा दाब पूर्वीइतका खाली आणला, आणि चाळणताईने त्यातल्या पन्नास गोळ्या अंगठ्यांनी मोडल्या. पन्नासच्या पन्नास सरळ मोडल्या. हळूभाऊ म्हणाला, "अंगठे दुखतील," तर म्हणाली, "दुखू देत."

डॉक्टरांनाही तिने फोन केला होता. ते म्हणाले, चुऱ्यात औषध कमी-जास्त पोटात गेलं असणार, त्यामुळेच थरथर वाढली. पूर्वीइतकीच गोळी नीट चालू ठेवा, उतरेल.

रविवारी जेवणं झाली. घड्याळवाला चारला यायचा होता. टेबल आवरलेलं, पेटी दोरीने बांधून ठेवलेली. चाळणताई नानांच्या समोर खुर्ची ओढून बसली.

"नाना, गोळीच खराब होती. तुमचे हात नव्हते. तीन आठवडे तुम्ही जो चुरा साठवलात ना, तो मी बघितला. टोपी उडालीय सगळ्यांची. चक्की उलटी फिरत होती, त्याने दाण्याचं पीठ झालं. आणि दिशा बघितली म्हणून सही माझी आहे. न बघता केलेली."

नाना चिडतील, किंवा रडतील, असं नवऱ्याला वाटलं. पण घड्याळजीला आधी यंत्र कळावं लागतं.

"कुठल्या बाजूला फिरायला हवी होती?"

"वरून बघितलं तर घड्याळाच्या काट्यांसारखी."

"आणि फिरत होती उलटी."

"हो."

"घड्याळजीच्या घरात सव्वीस वर्षं राहून," नाना म्हणाले, "काटे कुठल्या बाजूने फिरतात ते तुला ऐकून ठरवावं लागलं?"

नवऱ्याला हसू फुटलं. चाळणताईला फुटलं नाही. ती म्हणाली, "चुकलं माझं, नाना. चक्कीचं तर चुकलंच. पण त्या सकाळी मी जे बोलले ते त्याहून वाईट. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही मी तुमच्या हाताकडे."

'चुकलं माझं' हे शब्द त्या घरात तिच्या तोंडून पहिल्यांदाच निघत होते. नानांनी पेटीची दोरी सोडली. झाकण उघडून पेटी तिच्यापुढे सरकवली आणि पेन्सिल दिली.

"मग कारण दुरुस्त कर. नोंद चुकीची राहता कामा नये."

तिने पहिली चिठ्ठी उचलली, 'हात' खोडलं आणि 'चक्की' लिहिलं.

"चक्की कशी? चक्कीला काय कळतं?" नाना म्हणाले. "नीट लिही."

तिने 'चक्की' खोडून लिहिलं, 'माझी सही'. मग दुसरी. मग तिसरी. सातवीवरचं 'हात, फार' खोडताना तिला थांबावं लागलं, नाक पुसावं लागलं. नानांनी एकही चिठ्ठी माफ केली नाही. अकराही लिहून घेतल्या.

मग तिने नवी पट्टी पुढे केली. नानांनी एक गोळी काढून तळहातावर घेतली. हात थरथरत होता. तीन दिवसांत किती कमी होणार? त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिने मदतीला हात पुढे केला नाही. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली.

दोन अंगठ्यांची नखं खाचेशी आली. एकदा घसरली. पुन्हा टेकली. नानांनी श्वास रोखला.

टक्.

दोन अर्ध्या, सारख्या. नानांनी एक तोंडात टाकली, वर पाणी प्याले. दुसरी बाराव्या कप्प्यात ठेवली, संध्याकाळसाठी. नवी चिठ्ठी घेतली, तिच्यावर हळूहळू तारीख घातली आणि पुढे लिहिलं, 'हात'. ही चिठ्ठी खोडायला त्यांनी पेन्सिल तिला दिली नाही.

"जा," ते म्हणाले, "काकूंचं घड्याळ घेऊन ये. आणि चारला तो आला की त्याला चहा पाज आणि मोकळ्या हाताने परत पाठव."